वहाणे येथे लावू नयेत

"काय वहाणेकाका, वर जायचं का?" खिडकीवाल्याने विचारलं.

"जायचं, पण तिसऱ्यापर्यंतच," बाबा म्हणाले. "त्याच्या वर तू हो पुढे. माझी जागा धरून ठेव."

दोघंही हसले. हा विनोद निदान वीस वर्षांचा होता. गाड्या लावायच्या या गॅरेजच्या तोंडाशी, चढाच्या डाव्या भिंतीवर, बाबांनीच कधीकाळी पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, ‘वर जाण्याचा मार्ग’, आणि पुढे बाण. तेव्हापासून इथे कोणीही चढाकडे पाऊल टाकलं की तिकिटाच्या खिडकीतून हा प्रश्न यायचाच. खिडकीवाला म्हातारा झाला, त्याच्या पुढ्यातलं तिकिटांचं पुस्तक जाऊन मशीन आलं, पण प्रश्न तोच राहिला.

रविवार होता. बाबांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. नव्या मॅनेजरबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं की महिन्याभरात सगळ्या भिंती पांढऱ्या होणार, जुन्या पाट्या जाऊन प्लास्टिकच्या लागणार. काकांना बघून जायचं असेल तर यावं. बाबांनी तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि वर म्हणाले, "तुला वेळ असेल तरच." त्यांच्या बोलीत याचा अर्थ ‘ये’ असा होता.

आम्ही चढावरून चालत निघालो. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती आणि नेहमीप्रमाणे बाबांना त्याचा आनंद झाला. गुडघ्यामुळे ते दर खांबापाशी थांबत आणि थांबणं दिसू नये म्हणून तिथली पाटी वाचत. त्यांचं वाचणं सावकाश असे, प्रत्येक अक्षराला हात लावून पुढे गेल्यासारखं. दुसऱ्या मजल्याच्या बुटक्या तुळईवर ‘डोके सांभाळा’ होतं. ते रंगवून झाल्यावर मागे सरकून बघताना त्यांचं स्वतःचंच डोकं आपटलं होतं. डाव्या भुवईवरची खूण तिथलीच. त्याच्या पुढच्या भिंतीवर ‘हॉर्न वाजवू नका’ लिहिलेलं होतं. पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्याने त्यातलं ‘नका’ पार धुऊन नेलं होतं.

"हॉर्न वाजवू," बाबांनी वाचलं. "बघ. भिंत परवानगी मागतेय."

"मग द्या की."

"मी कोण देणारा? मी रिटायर माणूस."

ही इमारत पाच मजल्यांची आहे. मधोमध चढ गोल फिरत वर जातो आणि त्याच्या पोटात विहिरीसारखी मोकळी जागा आहे. त्यामुळे तिसऱ्यावर कोणी शिंकलं तर पाचव्यावरचा माणूस दचकतो. बाबांचं ‘येऊ द्या, येऊ द्या, बास’ मी शाळेत असताना खालच्या रस्त्यावरून ऐकलेलं आहे. त्यांचं खरं काम तेच होतं, गाड्या लावून घेणं. पाट्या रंगवणं हे नंतर चिकटलं. पाट्यांसाठी येणारा पेंटर एका वर्षी आलाच नाही. बाबांना खांबांवर पट्टे मारताना मोठ्या साहेबांनी पाहिलं होतं. हात सरळ आहे म्हणून ब्रश त्यांच्याकडे आला.

तिसऱ्या मजल्यावर, चढ संपतो तिथेच, समोरच्या भिंतीवर ती पाटी आहे. तिच्यामागे आगीच्या पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह आहे, म्हणून तिथे गाडी लावायची नसते. चार हात रुंद, पिवळ्यावर काळी अक्षरं :

वहाणे येथे लावू नयेत

मी मुद्रितशोधक आहे. छपाईला जाणाऱ्या पुस्तकांमधल्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. हे काम कसं निवडलंत, असं कोणी विचारलं तर मी वाचनाची आवड असं सांगते. ते खोटं नाही. पण ‘वाहने’ या शब्दापाशी माझी पेन्सिल आजही थांबते, तो बरोबर छापलेला असला तरी.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते, चौथीत. वर्गात मी ‘पानी’ म्हटलं म्हणून बाईंनी मला उभं केलं होतं. पानी नाही, पाणी. कोन नाही, कोण. सगळा वर्ग माझ्याकडे बघून ‘ण ण ण’ करत होता. त्या आठवड्यात मी भिडेल त्या न चा ण करत सुटले होते. कोणी पुन्हा हसायला नको म्हणून. आणि त्याच आठवड्यात बाबा संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "साहेबांनी पाटी सांगितलीय. गाड्या लावू नका असं, पण चांगल्या भाषेत. वाहनं म्हण. एका कागदावर लिहून दे. मोठं लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

बाबा चौथीपर्यंतच शिकले होते, आणि मी चौथीत होते; म्हणजे शिक्षणात आम्ही बरोबरीला आलो होतो. मी वहीचं पान आडवं धरलं, पट्टीने रेघा मारल्या. तोंडाने शब्द म्हणून पाहिला. व आणि ह यांच्यात काना कुठे द्यायचा याचा थोडा विचार केला. न की ण याचा विचार केलाच नाही. तो ण च असणार हे मला ठाऊक होतं. बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि शाई वाळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

त्यांनी तो भिंतीवर उतरवला तेव्हा माझं अक्षरही उतरवलं. माझ्या ल ची पोटं फुगीर असत, य ची शेपटी वळणदार. ते सगळं तसंच मोठं झालं.

महिन्याभराने, सुट्टीच्या दिवशी, आईने डबा देऊन मला गॅरेजवर पाठवलं. मी चढाच्या शेवटच्या वळणावर पोचले तेव्हा पाटीसमोर सात-आठ माणसं होती. पाटीखाली कोणीतरी चपलांचा जोड ठेवला होता. टाचा भिंतीला लावून, अगदी नीट. माणसं हसत होती. मोठे साहेब हसत नव्हते.

"कोणी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न पाचही मजल्यांवर गेला.

"मीच, साहेब," बाबा म्हणाले.

"शाळेत गेला होतास की नाही?"

"गेलो होतो ना. चौथीपर्यंत."

"मग चौथीत ‘वाहन’ नव्हतं का रे?"

"नसावं साहेब. आमच्या वेळी सगळे पायीच जायचे."

तेव्हा मोठे साहेबही हसले. माणसं पांगली. जाताना साहेब म्हणाले, "राहू दे आता. पुढच्या रंगात दुरुस्त कर." एकाने चपला उचलल्या आणि पायात घातल्या, त्याच्याच होत्या.

मी वळणावर डबा घेऊन उभी होते. प्रश्न मला ऐकू आला होता आणि उत्तर माझं होतं. चार पावलं पुढे जाऊन दोन शब्द बोलायचे होते. मी डब्याचं कडीचं झाकण दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं, जणू तेच उघडेल अशी भीती होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इतका वेळ पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं असणार.

"आलीस? आज काय, लवकर?" ते नंतर म्हणाले. घरी गेल्यावर हात धुताना आईला म्हणाले, "हिचं अक्षर छान आलंय भिंतीवर." एवढंच.

त्या दिवसापासून ते वहाणे झाले. आधी नुसते वहाणे, मग वहाणेमास्तर, केस पिकल्यावर वहाणेकाका. नवीन लागलेल्या माणसांना ते आडनावच वाटे. दर तीन वर्षांनी गॅरेजचं रंगकाम निघे आणि बाबा सगळ्या पाट्या पुन्हा लिहीत. हळूहळू त्यांचा हात बसत गेला; अक्षरांना जाडी आली, टोकं आली, ‘डोके सांभाळा’ तर एखाद्या बँकेच्या दारावर शोभावं असं झालं. ही एक पाटी मात्र ते जुन्या अक्षरांवरूनच गिरवत. ना ती सुधारली, ना शुद्ध झाली. पुढे, व्याकरण नीट शिकल्यावर, माझ्या लक्षात आलं की ‘वहाण’चं अनेकवचन ‘वहाणा’ होतं. म्हणजे ती चूक म्हणूनही चूकच होती.

हे सगळं मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एका मुलीने एक शब्द चुकवला होता, इतकंच. पण ज्याच्याशी बोलायचं होतं तो माणूस आधी रोज, माझ्या लग्नानंतर सणावारी, समोर जेवायला बसत होता, आणि मी चाळीस वर्षं मीठ हवंय का असं विचारत होते.

त्या रविवारी बाबांनी पाटीवरून हात फिरवला. य च्या शेपटीपाशी रंगाचा पोपडा आला होता. त्यांनी नखाने त्याची कड उचलली आणि मला दाखवली. पातळ पातळ थर होते, एकावर एक.

"मोज," ते म्हणाले.

"चष्मा नाही आणला."

"बारा आहेत. शेवटचा मी उन्हाळ्यात मारला, म्हणून तो जरा जाड."

मी विचारलं, "बाबा, ही कधी दुरुस्त का नाही केलीत?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. ते तयार असावं. "दुसऱ्या मजल्यावर ‘वाहने लावू नयेत’ असं लिहिलंय की नाही? शुद्ध. तू कॉलेजात असताना सांगितलेलं. तिथं आत्ता काय आहे?"

"गाडी."

"दोन गाड्या. आणि इथं? इतक्या वर्षांत इथं कोणी गाडी लावलेली पाहिलीस? बरोबर लिहिलेलं कोण वाचतं गं. हे वाचायला माणूस थांबतो. हसतो. हसला की ऐकतो."

"लोक तुम्हाला हसत होते."

"मग काय झालं? रडवण्यापेक्षा बरं." ते खांबाला टेकले. "आणि नाव पडलं. नाहीतर गाड्या लावणाऱ्याला नाव असतं का? ए, अरे, ओ. मला सगळे नावाने हाक मारायचे."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी डबा घेऊन…"

चढावरून एक गाडी आली. चालवणारी बाई नवशिकी असावी; ती वळणावरच अडकली, मागेही जाईना आणि पुढेही. बाबा खांबापासून सुटे झाले. ते गुडघ्याचं विसरले. गाडीच्या पुढ्यात जाऊन त्यांनी दोन्ही तळवे वर केले. "येऊ द्या. डावीकडे घ्या. अजून. येऊ द्या, येऊ द्या, बास." गाडी दोन खांबांच्या मधोमध उभी राहिली. बाईंनी काच खाली करून आभार मानले आणि इथे रोज कोणी का नसतं, असं विचारलं. बाबा म्हणाले, "असायचं."

परत माझ्याजवळ आले तेव्हा त्यांना थोडी धाप लागली होती आणि चेहरा खुशीत होता. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

"चल मग. आई वाट बघत असेल."

उतरताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खाली खिडकीवाल्याने विचारलं, "आलात का परत?" बाबा म्हणाले, "वर हाउसफुल आहे."

मंगळवारी सकाळी दाढी करताना ते स्टुलावर बसले आणि उठले नाहीत. आईने आधी नळ बंद केला, मग त्यांच्या गालावरचा फेस पुसला, आणि मग मला फोन केला. हा क्रम तिने मला नंतर तीनदा सांगितला, जणू त्यात काही चुकलं असेल तर मी काढून द्यावं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फलकावर कागद लागला. खिडकीवाल्याने मला त्याचा फोटो पाठवला. ‘आपले जुने सहकारी वहाणेकाका यांचे दुःखद निधन’. दुःखद मधला विसर्ग जागच्या जागी होता. मी एवढंच पाहिलं.

तीन आठवड्यांनी मॅनेजरबाईंचा फोन आला. त्या तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "ताई, रंगकाम तिसऱ्यापर्यंत आलंय. खालचं सगळं पांढरं झालं, पण काकांची ती पाटी आम्ही ठेवतोय. चौकट करून, खाली छोटा मजकूर. लोकांना आवडेल. तुम्ही प्रुफं तपासता ना? एकदा नजर टाकाल का? आमचं आपलं काहीतरी चुकायचं."

मी गेले. खिडकीवाला मला बघून उठून उभा राहिला. त्याने काही विचारलं नाही. "मॅडम तिसऱ्या मजल्याला आहेत," म्हणाला, आणि ‘वर’ हा शब्द टाळण्यासाठी नुसता हात केला. त्याच्यामागची भिंत पांढरी झाली होती. मार्गही नव्हता आणि बाणही नव्हता. मग खिडकीला कडी घालून तो माझ्याबरोबर चालत आला. आम्ही दोघंही पांढऱ्या तुळईखाली आपोआप वाकलो.

तिसऱ्यावर ताज्या रंगाचा वास होता. रंगारी शिडीवर बसून पाटीच्या चारी बाजूंना कागदी पट्टी चिकटवत होता. पांढऱ्या भिंतीत ती पिवळी पाटी लहान दिसत होती, वहीच्या पानासारखी. मॅनेजरबाईंनी मला कागद दिला. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि कागद शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

‘या इमारतीचे जुने कर्मचारी कै. वहाणे यांनी अल्प शिक्षणामुळे केलेली ही गंमतीदार चूक आम्ही त्यांची आठवण म्हणून जपली आहे.’

"गमतीदारवर अनुस्वार नको," मी म्हटलं आणि तो काढला.

"बघा. मी म्हटलं होतं ना, काहीतरी चुकणार."

"आणि वहाणे हे आडनाव नाही."

"नाही?" त्या खरोखर चकित झाल्या. "मग?"

"या पाटीवरून चिडवायचे," खिडकीवाला म्हणाला. "त्यांना चालायचं. काका हसून घ्यायचे. ती चपलांची गंमत तर…" तो माझ्याकडे बघून थांबला.

मी ‘वहाणे’वर आडवी रेघ मारली आणि समासात आमचं आडनाव लिहिलं. पेन्सिल पुढे सरकली आणि ‘अल्प शिक्षणामुळे’पाशी येऊन उभी राहिली.

आमच्या कामात एक शिस्त असते. शब्द चुकला असेल तर दुरुस्त करायचा. मजकूरच चुकीचा असेल तर त्याला हात लावायचा नाही. तो लेखकाचा असतो. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. मी तीस वर्षं अशी प्रश्नचिन्हं काढत आले आहे. ते दोन शब्द मी गुपचूप खोडले असते तरी चाललं असतं. मॅनेजरबाई म्हणाल्या असत्या, हो, बरोबर आहे, बरं नाही दिसत ते. आणि पाटी चौकटीत गेली असती. हसणारे पुढेही हसले असते. बाबांना.

मी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

"इथे काय?" मॅनेजरबाईंनी वाकून विचारलं. "चौथीच शिकले होते ना काका? मला खिडकीवाल्यांनी सांगितलं."

"चौथीच," मी म्हटलं.

"मग? त्यांनीच लिहिलंय ना हे?"

शिडीवरच्या रंगाऱ्याचा हात थांबला होता. खाली कुठेतरी गाडीचं दार लागलं आणि त्याचा आवाज गोल फिरत वर आला, आमच्यापाशी थांबला, आणि वर गेला. मी पेन्सिल बॉनेटवर ठेवली. ती घरंगळू लागली. खिडकीवाल्याने ती धरली.

"मी लिहिलं," मी पुटपुटले.

खिडकीवाला म्हणाला, "काय म्हणालात, ताई?"

मी पाटीकडे तोंड केलं. ल ची पोटं फुगीर होती, य ची शेपटी वळणदार. मग या इमारतीत बाबा बोलायचे तशी, पाचही मजल्यांना ऐकू जाईल अशी, मी म्हणाले, "बाबांनी नाही. मी लिहिलं ते. मी नऊ वर्षांची होते, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी इथेच उभी होते."